हबशी गुलाम ते दख्खनचा कारभारी : मलिक अंबर

३ जानेवारीला सावित्रीमाई, ११ एप्रिलला महात्मा फुले, १४ एप्रिलला बाबासाहेब, २६ जूनला राजर्षी शाहू महाराज, २५ डिसेंबरला मनुस्मृती दहन दिन. आपल्या विद्यालयाचे वर्ष या दिवसांनी बांधलेले आहे. हे दिवस सुट्टीचे नसतात, शिकण्याचे असतात, हे माजी विद्यार्थ्यांना वेगळे सांगण्याची गरज नाही. आमच्या पिढीने आपल्या समाजाचा इतिहास प्रथम क्रमिक पुस्तकात वाचला नाही. तो जयंतीच्या मंडपात, गायन पार्टीच्या शाहिरीत आणि बुद्धविहाराच्या ओट्यावर ऐकला. ज्यांचा इतिहास पुस्तकात येत नाही, त्यांना तो दिनदर्शिकेत आणावा लागतो.

जगात अन्यत्रही असेच घडले आहे. अमेरिकेत कार्टर वुडसन नावाचे कृष्णवर्णीय इतिहासकार होऊन गेले. त्यांचा जन्म १८७५चा. आईवडील गुलामीत वाढलेले. कोळशाच्या खाणीत राबल्यामुळे माध्यमिक शिक्षण विशीपर्यंत लांबले. तरीही १९१२ साली त्यांनी हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. काळ्या माणसाला इतिहास नाही, असे त्या काळची पाठ्यपुस्तके गृहीत धरीत. वुडसन यांनी १९१५ साली शिकागो येथे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा अभ्यास करणारी संस्था स्थापन केली, पुढच्या वर्षी तिचे संशोधनपर नियतकालिक काढले आणि फेब्रुवारी १९२६ मध्ये पहिला निग्रो इतिहास सप्ताह साजरा केला. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा निवडण्याचे कारण असे की, अब्राहम लिंकन आणि फ्रेडरिक डग्लस या दोघांचे वाढदिवस त्या आठवड्यात येतात. स्वतः गुलामीत जन्मलेल्या डग्लस यांना आपली खरी जन्मतारीख ठाऊक नव्हती. त्यांनी १४ फेब्रुवारी हा दिवस स्वतःच मानून घेतला होता. वुडसन केवळ सभा घेऊन थांबले नाहीत. शिक्षकांसाठी पाठ, चित्रे आणि वाचनसाहित्य शाळाशाळांत पाठवीत राहिले. १९७६ पासून त्या सप्ताहाचा महिना झाला.

या चळवळीशी आपले नाते जुने आहे. महात्मा फुले यांनी १८७३ साली आपला गुलामगिरी हा ग्रंथ निग्रोंना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. वुडसन यांची संस्था उभी राहिली त्या १९१५ साली बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार करून संयुक्त राष्ट्रांकडे द्यावयाच्या अर्जाची माहिती मागवली. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने तर आपले नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले.

परंतु कृष्णवर्णीयांच्या इतिहासासाठी आपण नेहमी अमेरिकेकडे पाहतो, तेव्हा आपल्या पायाशी असलेला इतिहास नजरेआड होतो. आफ्रिकेतून गुलाम करून नेलेली माणसे केवळ पश्चिमेला गेली नाहीत. ती पूर्वेलाही आली, आपल्या कोकण किनाऱ्यावर आली, दख्खनच्या पठारावर चढली. त्यांच्यातील सर्वांत थोर पुरुष मे १६२६ मध्ये मरण पावला. म्हणजे वुडसन यांनी पहिला सप्ताह साजरा केला, त्या वर्षी त्याच्या मृत्यूला बरोबर तीनशे वर्षे होत होती. २०२६ साली त्या सप्ताहाला शंभर आणि या मृत्यूला चारशे वर्षे पूर्ण होत आहेत. म्हणून या स्मरणिकेत आम्ही मलिक अंबर यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत.

विकला गेलेला मुलगा

सुमारे १५४८ साली दक्षिण इथिओपियात या मुलाचा जन्म झाला. त्याचे मूळ नाव चापू असल्याचे सांगितले जाते. जन्माचे साल अंदाजाने सांगावे लागते. गुलाम झालेल्या मुलाच्या जन्माची नोंद ठेवण्याचे कोणाला कारण नव्हते. इथिओपियाला अरब लोक अल-हबश म्हणत, त्यावरून तेथील माणसांना आपल्याकडे हबशी हे नाव पडले. सिद्दी हा शब्दही अरबीतलाच. मूळ अर्थ माझे स्वामी असा आहे. ज्यांना साखळीने बांधून आणले, त्यांनाच पुढे हे संबोधन लागले, ही इतिहासाची एक विलक्षण कलाटणी होय.

त्या काळी इथिओपियाच्या उंच प्रदेशात ख्रिस्ती राज्य आणि किनाऱ्याच्या बाजूस मुस्लिम राज्ये होती. या दोहोंच्या मध्ये सापडलेल्या, दोन्ही धर्मांबाहेरच्या जमातींची मुले पकडली जात व तांबड्या समुद्राच्या बंदरांत विकली जात. त्यांच्या मोबदल्यात तेथे काय जात असे? अन्य मालाबरोबर हिंदुस्थानचे कापड. निजामशाहीचे मुख्य बंदर म्हणजे आपल्या अलिबाग तालुक्यातील चौल. नारळी-पोफळींच्या बागांतून चौल-रेवदंड्याला जाणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे की, या किनाऱ्यावरचा समुद्रव्यापार केवळ घोडे, मसाले आणि रेशमाचा नव्हता. त्यात माणसांचीही किंमत ठरत असे.

चापू एकाहून अधिक वेळा विकला गेला. येमेनच्या मोखा बंदरातून तो बगदादच्या मीर कासीम या व्यापाऱ्याकडे आला. या मालकाने मुलाची बुद्धी ओळखली, त्याला लिहावयास-वाचावयास, हिशेब आणि कारभार पाहावयास शिकवले, त्याला इस्लामची दीक्षा दिली आणि अंबर हे नवे नाव ठेवले. पुढे १५७०च्या दशकाच्या आरंभी तो दख्खनमध्ये आणला गेला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीझखान स्वतः हबशी होता आणि एकेकाळी गुलाम होता. त्याने असे सुमारे एक हजार हबशी विकत घेतले होते. अंबर हा त्या हजारांपैकी एक.

दख्खनच्या सुलतानांना हे गुलाम कशासाठी हवे होते, हे समजून घेतले पाहिजे. त्यांच्या दरबारांत दख्खनी सरदार आणि इराणकडून आलेले परदेशी सरदार यांच्यात सतत चढाओढ चाले. दूरदेशीहून आणलेल्या गुलामाला येथे भाऊबंद नाहीत, गाव नाही, वतन नाही. तो फक्त मालकाचा. म्हणून त्याच्या हाती तलवार देणे मालकाला निर्धोक वाटे. मालक मेला की बहुधा गुलाम मोकळा होई आणि आपल्या तलवारीवर पोट भरी. अंबरच्या बाबतीत तसेच झाले. १५७५च्या सुमारास चंगीझखान मरण पावला व त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले.

परांडा ते खडकी

पुढील वीस वर्षे अंबर यांनी शिपाईगिरीत काढली. काही काळ ते विजापूरच्या आदिलशाहीत होते. मलिक ही पदवी त्यांना तेथेच मिळाली. १५९५च्या सुमारास ते निजामशाहीत परतले व अभंगखान या हबशी सरदाराच्या हाताखाली सुमारे दीडशे स्वारांचे नायक झाले. त्या वेळी अकबराची फौज अहमदनगरच्या दाराशी आली होती. चांदबिबीने किल्ला लढवला. परंतु १६०० साली तिची हत्या झाली आणि किल्ला मोगलांच्या हाती पडला. राजधानी गेली, सुलतान कैद झाला. निजामशाही संपली, असे दिल्ली-आग्र्याला वाटले.

ती संपली नाही, याचे मोठे श्रेय मलिक अंबर यांना जाते. त्यांनी निजामशाही घराण्यातील मूर्तझा या तरुणाला परांड्याच्या किल्ल्यात गादीवर बसवले, आपली मुलगी त्याला दिली आणि स्वतः कारभार हाती घेतला. राजू दखनी हा प्रतिस्पर्धी काही वर्षे त्यांच्या तोडीस तोड होता. त्यालाही त्यांनी दूर केले. परांड्याहून जुन्नर, जुन्नरहून दौलताबाद अशी राजधानी हलत गेली. १६१० साली अहमदनगरचा किल्लाही त्यांनी मोगलांकडून परत घेतला.

मोगलांचे सैन्य मोठे होते, तोफखाना जड होता. त्यांच्याशी मैदानात सरळ झुंजण्यात अर्थ नव्हता. मलिक अंबर यांनी सह्याद्रीचे घाट, दऱ्या आणि झाडी यांचा उपयोग केला. हलक्या घोड्यांवरचे स्वार शत्रूच्या रसदेवर तुटून पडत, रात्री छावणीला उपद्रव देत आणि पाठलाग होताच डोंगरात नाहीसे होत. हे स्वार बहुतांशी मराठे होते. १६१०च्या सुमारास या भागातून गेलेल्या एका इंग्रज व्यापाऱ्याने त्यांच्या सैन्यात सुमारे दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी असल्याचे लिहून ठेवले आहे. वेरूळचे भोसले घराणे याच निजामशाहीच्या चाकरीत पुढे आले. छत्रपती शिवाजी महाराजांनी गनिमी काव्याला जे पूर्ण रूप दिले, त्याचा मोठा पूर्वाभ्यास मलिक अंबर यांच्या काळात झाला होता.

१६१० साली त्यांनी दौलताबादजवळ खडकी नावाच्या लहानशा वस्तीच्या जागी नवे नगर वसवण्यास आरंभ केला. उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याचे भूगर्भातील पाणी भुयारी कालव्याने आणि खापरी नळांनी शहरात आणले. नहर-ए-अंबरी या नावाने ही योजना प्रसिद्ध आहे. पंपाशिवाय, केवळ उताराच्या हिशेबावर ती चालत असे व पुढे शतकानुशतके चालली. मोगलांवरील विजयाच्या स्मरणार्थ उभारलेला भडकल दरवाजा आजही उभा आहे. मलिक अंबर यांच्या मृत्यूनंतर त्यांचा मुलगा फत्तेखान याने खडकीला आपले नाव दिले, पुढे औरंगजेबाने आपले दिले, आणि आज ते छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखले जाते. नावे बदलत गेली; नगर वसवणारा मात्र आफ्रिकेतून विकून आणलेला माणूस होता, ही गोष्ट बदलत नाही.

आमच्या वाचकांना या शहराचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. बाबासाहेबांनी १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय येथेच काढले. पुढे मिलिंद महाविद्यालय आणि नागसेनवन या नावांनी तो परिसर आपल्या समाजाच्या ओठी बसला. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून दीर्घ लढा झाला, माणसांनी प्राण दिले, तो १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत गेला. आणि दर १४ एप्रिलला ज्या पुतळ्यापाशी शहरातील जनसागर लोटतो, तो बाबासाहेबांचा पुतळा भडकल दरवाजाशीच उभा आहे. त्या गर्दीतील किती जणांना पाठीमागची कमान कोणी बांधली हे ठाऊक असते? मुलांना तेथे नेल्यावर शिक्षकाने हा प्रश्न अवश्य विचारावा.

जमिनीचा हिशेब

लढाया कीर्ती देतात. राज्य टिकते ते शेतकऱ्यावर. मलिक अंबर यांच्यापूर्वी निजामशाहीत पुष्कळ ठिकाणी सारा वसुलीचा इजारा दिला जाई. जो जास्त बोली लावील त्याने सरकारला ठरीव रक्कम द्यावी आणि रयतेकडून वाटेल तेवढे काढावे, अशी ती रीत. त्यांनी ती बंद केली. जमिनीची पाहणी करून तिची प्रतवारी लावली, बागायत आणि जिरायत निराळी धरली, प्रत्यक्ष पीक पाहून सरकारचा वाटा ठरवला. रोखीने तो उत्पन्नाच्या सुमारे एक तृतीयांश पडे. मधला इजारदार गेल्यामुळे रयतेला आपल्याला किती द्यावयाचे हे आधी कळू लागले. मलिकअंबरी धारा हे नाव पुढे पेशवाईत आणि इंग्रजी अमलातही महसुली कागदपत्रांत टिकून राहिले. शिवकाळातील जमाबंदीलाही या पद्धतीचा आधार मिळाला, असे इतिहासकार मानतात.

मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थांबू नये. ही सुधारणा गावाच्या वेशीपर्यंत आली, वेशीच्या आतली रचना तिने बदलली नाही. पाटील-कुलकर्ण्यांची वतने कायम राहिली आणि वेशीबाहेरच्या महाराची राबणूकही कायम राहिली. त्या महारवतनाविरुद्ध कायदेमंडळात विधेयक यावयास १९२८ साल उजाडावे लागले आणि ते आणणारे बाबासाहेब होते. तीच गोष्ट पाण्याची. नहर खोदून पाणी शहरात आणता येते. परंतु त्या पाण्यावर माणसाचा हक्क मानला जाईलच असे नाही. याच जिल्ह्यातील महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी आपल्या पूर्वजांना ओंजळभर पाण्यासाठी जावे लागले, ते यामुळेच.

रंगाचा द्वेष

मोगल बादशहा जहांगीर याला मलिक अंबर यांचा पराभव करता आला नाही, हे त्याच्या मनाला फार लागले होते. आपल्या आत्मचरित्रात तो त्यांचा उल्लेख बहुधा शिवी दिल्यावाचून करीत नाही, आणि ती शिवी त्यांच्या काळ्या रंगावरून असते. १६१६च्या सुमारास दरबारी चित्रकार अबुल हसन याने एक चित्र काढले. त्यात पृथ्वीच्या गोलावर उभा असलेला जहांगीर भाल्यावर टोचलेल्या मलिक अंबर यांच्या मस्तकावर बाण सोडीत आहे. प्रत्यक्षात हे दोघे कधी समोरासमोर आले नाहीत, आणि मलिक अंबर जहांगीरच्या हाती कधीही लागले नाहीत. रणांगणात जे जमले नाही, ते कागदावर करून बादशहाने समाधान मानले. हे चित्र आज आयर्लंडमधील डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. उलट त्याच दरबाराच्या इतिहासकाराला मलिक अंबर यांच्या मृत्यूची नोंद करताना त्यांचे युद्धकौशल्य, न्याय आणि कारभार यांना तोड नव्हती हे मान्य करावे लागले.

हा द्वेष केवळ शत्रूच्या दरबारात नव्हता. १६१७च्या सुमारास मलिक अंबर यांना भेटलेला डच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रुके याने एक हकीकत नोंदवली आहे. सुलतान मूर्तझाची थोरली बेगम इराणी होती. तिने मलिक अंबर यांच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवले आणि तिच्या बापालाही दूषणे दिली. हे कळताच मलिक अंबर यांनी सुलतान आणि बेगम या दोघांवरही विषप्रयोग करविला आणि सुलतानाच्या अल्पवयीन मुलाला गादीवर बसवले.

ही हकीकत आम्ही गाळली नाही. मुलगी राणी झाली, बाप राज्याचा कर्ता झाला, तरी जन्माचा डाग बोलून दाखवणारे राजवाड्यातच होते, हे त्यातून कळते. शिकून मोठ्या हुद्द्यावर गेलेल्या आपल्या मुलामुलींपैकी अनेकांना कचेरीत किंवा सोसायटीत आडनाव विचारले जाते, त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. पण त्याच वेळी, अपमानाचे उत्तर विषाने देणाऱ्याला आम्ही आदर्श म्हणू शकत नाही. तथागतांच्या धम्माने वैर वैराने शमत नाही असे शिकवले आहे आणि बाबासाहेबांनी संविधानाचा मार्ग दाखवला आहे. मलिक अंबर यांनी स्वतः गुलाम असूनही गुलामीची पद्धत मोडली नाही; त्यांच्या सैन्यातही गुलाम होते. त्यांच्या कर्तृत्वाचा अभिमान बाळगावा, त्यांची मूर्तिपूजा करू नये. जयंतीचा इतिहास आणि अभ्यासाचा इतिहास यांत हाच फरक आहे.

शेवटची दहा वर्षे

१६१६ साली काही सरदार मोगलांना मिळाले आणि जालन्याजवळ रोशनगावला मलिक अंबर यांचा मोठा पराभव झाला. शत्रूने खडकी जाळली. पुढच्या वर्षी शाहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, दख्खनमध्ये आला आणि अहमदनगरसह बराच मुलूख परत द्यावा लागला. त्या वेळी मलिक अंबर यांचे वय सत्तरीच्या घरात होते. तरीही खुर्रम परतल्यावर त्यांनी पुन्हा लढाई सुरू केली, पुन्हा माघार घेतली, पुन्हा शहर उभे केले.

१६२४ साली मोगल आणि विजापूरकर एकत्र होऊन त्यांच्यावर आले. अहमदनगरजवळ भातवडी येथे त्यांनी तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या छावणीची वाट चिखलमय केली, रसद तोडली आणि उपासमारीने खचलेल्या संयुक्त फौजेचा पूर्ण पराभव केला. विजापूरचा सेनापती मुल्ला मुहम्मद लारी मारला गेला. शहाजीराजे या लढाईत मलिक अंबर यांच्या बाजूने लढले. त्यांचे धाकटे बंधू शरीफजी येथेच पडले. कवींद्र परमानंदाच्या शिवभारत या संस्कृत काव्यातही या लढाईचे वर्णन आले आहे.

दोन वर्षांनी, मे १६२६ मध्ये, ऐंशीच्या घरात असताना मलिक अंबर यांचे निधन झाले. खुलताबाद येथे त्यांनी हयातीतच बांधून ठेवलेल्या कबरीत त्यांना पुरण्यात आले. त्यांच्यानंतर दहा वर्षांत, १६३६ साली, निजामशाही नाहीशी झाली. पंचवीस वर्षे एका माणसाने ते राज्य खांद्यावर धरून ठेवले होते, हे त्यावरून उमगते.

आपल्या किनाऱ्यावरचा वारसा

मुरूडचा जंजिरा मलिक अंबर यांनी १५६७ साली बांधला, असे पुष्कळदा लिहिले जाते. १५७०च्या दशकापूर्वी ते दख्खनमध्ये आलेलेच नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या विधानाचा निकाल लागतो. खरे एवढे की, राजपुरीच्या खाडीच्या तोंडावरचा हा जलदुर्ग निजामशाहीचा होता, त्यावर हबशी अधिकारी असत, आणि निजामशाही मोडल्यावर त्यांनी तो आपल्या हाती ठेवला. छत्रपती शिवाजी महाराजांनी समोर पद्मदुर्ग उभारला, तरी जंजिरा अजिंक्य राहिला. जंजिऱ्याचे संस्थान १९४८ साली विलीन होईपर्यंत सिद्दी नबाबांकडे होते. या सिद्दींच्या स्वाऱ्यांत किनाऱ्यावरची गावे लुटली गेली, हेही सांगितले पाहिजे. राज्यकर्त्याचा रंग काळा असला म्हणून रयतेचे दुःख हलके होत नाही.

आणि सगळेच हबशी राज्यकर्ते झाले नाहीत. उत्तर कन्नड जिल्ह्यातील यल्लापूर, हल्याळच्या जंगलपट्टीत राहणारे सिद्दी हे बहुतांशी गोव्यातील पोर्तुगीजांच्या गुलामीतून सुटून गेलेल्यांचे वंशज. शेतमजुरी आणि जंगलातील कामे यांवर त्यांच्या पिढ्या गेल्या. कर्नाटकात त्यांचा अनुसूचित जमातींत समावेश व्हावयास २००३ साल उजाडले. चंगीझखानाने विकत घेतलेल्या हजार जणांपैकी एक मलिक अंबर झाला. उरलेल्यांची नावे कोणत्याही तवारिखेत नाहीत. कृष्णवर्णीयांचा इतिहास म्हणजे त्या सर्वांचा इतिहास होय.

बाबासाहेबांनी आपल्या लेखनात गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना केली आहे. गुलाम ही मालकाची मालमत्ता असल्याने त्याला जगवण्यात आणि शिकवण्यात मालकाचा स्वार्थ असतो. अस्पृश्याच्या बाबतीत समाजावर तेवढीही जबाबदारी नसते. गुलामाला मुक्त करता येते. अस्पृश्यतेत मुक्तीचे दारच नसते. मलिक अंबर यांचे चरित्र या विवेचनाचा पुरावाच आहे. मालकाने शिकवले, मालकिणीने सोडले, आणि उरलेले त्यांनी स्वतः केले. त्याच काळात गावकुसाबाहेर जन्मलेल्या, तितक्याच बुद्धीच्या मुलाला शिकवण्याची गरज कोणालाही वाटली नाही. आपल्यासारख्या निवासी विद्यालयांचे प्रयोजन येथे आहे. राहण्याची जागा, दोन वेळचे अन्न आणि अक्षर मिळाले तर माणूस काय करू शकतो, हे चारशे वर्षांपूर्वी एका विकल्या गेलेल्या मुलाने दाखवले. फरक इतकाच की, आमच्या मुलांना ते कोणाच्या स्वार्थासाठी नव्हे, हक्क म्हणून मिळाले पाहिजे.

वुडसन यांनी शाळांना साहित्य पुरवले. आपल्याला तर साहित्य शोधावयास दूर जावे लागत नाही. मुरूडजवळ खोकरी येथे सिद्दी सरदारांचे दगडी घुमट आहेत. जंजिऱ्याची सहल झाली की बस तेथे थांबावी. चौलला बंदराचा इतिहास सांगावा. मोठ्या वर्गांची सहल भडकल दरवाजा, नागसेनवन, दौलताबाद आणि खुलताबाद या क्रमाने काढावी. वरच्या वर्गांना रिचर्ड ईटन यांच्या दख्खनच्या सामाजिक इतिहासातील मलिक अंबर यांच्यावरील प्रकरण शिक्षकांनी मराठीत समजावून सांगावे. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा, अलिबाग येथील पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या गावच्या जुन्या कागदांच्या, शिलालेखांच्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींच्या नोंदी विद्यालयाच्या ग्रंथालयाकडे द्याव्यात. २०२७ साली महाडच्या संगराची शताब्दी येत आहे. त्या निमित्ताने एक आठवडा असा असावा की, ज्यात आमची मुले महाडबरोबर जंजिराही वाचतील आणि चवदार तळ्याबरोबर नहर-ए-अंबरीचाही नकाशा काढतील.